बाईंचा संगणक

गेल्या दिवाळी अंकात याच पानावर मी जुन्या घड्याळांच्या नादी लागलेल्या माझ्या एका स्नेह्यांची यथेच्छ थट्टा केली होती. बंद पडलेले घड्याळ मांडीवर घेऊन बसलेला प्रौढ गृहस्थ हा मला तेव्हा मोठा विनोदाचा विषय वाटला. मात्र एक गोष्ट मी वाचकांपासून शिताफीने लपवून ठेवली. ती अशी की, मी स्वतः गेली दहा-बारा वर्षे जुने संगणक गोळा करतो, उघडतो, पुसतो, सोल्डर करतो आणि त्यांतला एखादा चालू झालाच तर रात्री दोन वाजता एकटाच हसतो. घड्याळवाल्याला निदान किती वाजले हे तरी कळते. माझ्या यंत्रांचा तेवढाही उपयोग नाही.

आजच्या तरुण वाचकाला 'घरगुती संगणक' म्हणजे काय हे सांगणे भाग आहे. १९८०च्या आसपास संगणक कचेरीतल्या थंडगार खोलीतून निघून लोकांच्या दिवाणखान्यात आला, तो एका जाड बटणपाटीच्या रूपाने. त्याला स्वतःचा पडदा नसे. घरातल्या टीव्हीला तो जोडायचा. सामान ठेवायला कोठी नसे. घरातला कॅसेट-रेकॉर्डर हीच त्याची कोठी. ज्या फितीवर भावगीते ऐकायची, तसल्याच फितीवर प्रोग्रॅम साठवायचे. फीत लावली की रातकिड्यांनी सभा भरवल्यासारखा किर्र आवाज येई, आणि तो आवाज म्हणजेच प्रोग्रॅम!

या जातीतले माझे लाडके यंत्र म्हणजे स्पेक्ट्रम. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर नावाच्या गृहस्थांनी २३ एप्रिल १९८२ रोजी ते लोकांपुढे आणले. १६ के स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ केचे १७५ पौंडांना. ४८ के म्हणजे किती? तर हल्ली सकाळी सकाळी मोबाइलवर जे फुलाफुलांचे 'शुभ प्रभात' येऊन आदळते, त्या एका चित्रालाही बहुधा पुरणार नाही एवढी जागा. पण तेवढ्या जागेत इंग्रज पोरांनी खेळ लिहिले, हिशेब लिहिले, आणि पुढे कित्येकांनी त्यावरच पोट भरले. अशी ५० लाखांहून अधिक यंत्रे खपली म्हणतात.

सिंक्लेअरसाहेबांची काटकसर मला विशेष भावते. त्या ४८ केपैकी वरच्या ३२ केसाठी त्यांनी चक्क अर्ध्या नासक्या चिपा वापरल्या. ६४ किलोबिटांच्या चिपेतला एक भाग सदोष निघाला, की ती फेकून न देता उरलेला चांगला अर्धा भाग कामाला लावायचा. आंब्याचा नासका भाग सुरीने काढून उरलेल्याचा आमरस करणारी आपली गृहिणी आणि हा इंग्रज कारखानदार यांत मला तरी फरक दिसत नाही. आमच्या हिला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमरस त्याच दिवशी संपतो. चाळीस वर्षं कपाटात ठेवत नाही कुणी."

१९८४ साली टणक बटणांचा 'स्पेक्ट्रम प्लस' निघाला, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स या कंपनीने तोच परवान्याखाली 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' म्हणून आपल्याकडे विकायला काढला. पुण्या-मुंबईकडे आणि बंगळूरला तो शाळा-कॉलेजांतून आणि हौशी घरांतून बराच शिरला. १९९०च्या सुमारास ती लाट ओसरली आणि यंत्रे माळ्यावर गेली. माळ्यावरून ती रद्दीवाल्याकडे जातात आणि रद्दीवाल्याकडून, दैव बरे असेल तर, माझ्याकडे येतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी किती रविवार घालवले याचा हिशेब घरात मागू नये अशी माझी विनंती असते.

आता आम्हा लोकांत दोन पंथ आहेत. एक सोवळ्यांचा. त्यांना प्रत्येक भाग मूळचाच हवा. साधा कपॅसिटर बदलला तरी यंत्र बाटले. दुसरा ओवळ्यांचा. हे लोक जुन्या यंत्राच्या पोटात नवे अवयव घालतात. टीव्हीच्या अँटेनासाठी असलेले चित्र आडवाटेने काढून सरळ आजच्या टीव्हीला देतात. आतला ७८०५ नावाचा रेग्युलेटर जास्तीचा विद्युत्दाब उष्णतेत उडवून बटणपाटी तापवतो, म्हणून त्याच्या जागी न तापणारा नवा बसवतात. कॅसेटऐवजी नखाएवढे मेमरी-कार्ड लावतात, त्यावर त्या काळचे हजारो खेळ सहज मावतात. मी स्वतः कुठल्या पंथाचा, असे विचाराल तर दिवसा सोवळा आणि रात्री ओवळा. कारण तत्त्व कितीही मोठे असले तरी चाळीस वर्षांचा कपॅसिटर वाळायचा तो वाळतोच. या यंत्राचा मेंदू म्हणजे झेड-८० ही चिप. १९७६ साली निघाली आणि इतकी चिवट, की ती बनवणाऱ्या कंपनीने मूळ वळणाच्या झेड-८०च्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या त्या २०२४ साली! म्हणजे यंत्राचा देह गेला तरी मेंदूचा नवा जोड काल-परवापर्यंत कारखान्यातून येत होता.

असो. बाईंकडे वळतो.

बाई म्हणजे आमच्या हिच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. वय आज ८२. मुलींच्या त्या शाळेने १९८८ साली पालकांकडून वर्गणी काढून एक डीबी स्पेक्ट्रम घेतला आणि तो सांभाळायची जबाबदारी बाईंवर टाकली, कारण बाकीचा शिक्षकवर्ग त्याला हात लावायला भीत असे. शाळेत पुढे नवे संगणक आले तेव्हा हा अडगळीत निघाला आणि बाईंनी रीतसर अर्ज करून तो घरी नेला. यंदा मे महिन्यात त्या स्वतः रिक्षाने आमच्याकडे आल्या, पिशवीतून यंत्र आणि एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "जावईबापू, ही म्हणते तुम्हाला यातलं कळतं. अ‍ॅडॅप्टर कुठे गेला देव जाणे. बघा चालतोय का. घाई नाही, पण मी आहे तोवर करा."

त्या कॅसेटवर त्यांनी स्वतः लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्रॅम होता. आणि तो मराठीत होता!

याचे नवल जाणकारालाच कळेल. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही. पण त्यात स्वतःची चिन्हे काढायला २१ रिकाम्या जागा ठेवलेल्या असतात. प्रत्येक जागा म्हणजे आठ बाय आठ चौकटींचा ताव. ज्या चौकटी काळ्या हव्यात तिथे एक, बाकी शून्य, असे आठ ओळींचे आकडे यंत्राला भरवायचे. बाईंनी गणिताच्या वहीत पेन्सिलीने चौकटी भरून ही चिन्हे काढली होती. ती वही मी पाहिली आहे. २१ जागांपैकी दहा गेल्या शून्य ते नऊ या मराठी आकड्यांना. उरल्या ११. त्यांत ब, रो, र, चू, क, शा, बा, स, पा, ढे अशी दहा अक्षरे बसवली. एवढ्यात 'पाढे', 'बरोबर', 'चूक' आणि 'शाबास' हे चार शब्द होतात. मास्तरकीला आणखी शब्द लागतात कशाला? उरलेल्या एका जागेत त्यांनी हसरा चेहरा काढला. सर्वांत त्रास 'चू'ने दिला म्हणे. 'रो'च्या मात्रेसाठी वरच्या दोन ओळी सोडायच्या, म्हणून शिरोरेघ तिसऱ्या ओळीत. खाली उकाराला दोन ओळी. मग 'च'ला उरल्या अवघ्या तीन. त्या तीन ओळींतला तो 'च' मी पडद्यावर पाहिला तेव्हा त्याला नमस्कार करावासा वाटला.

पण तिथवर पोचायला महिना लागला. यंत्र उघडले. बटणांखालचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा वयाने कडक होऊन तडकला होता. हे त्यांचे सर्वांचेच होते, आणि नवे पापुद्रे हौशी लोकांसाठी अजून बनतात. कपॅसिटर बदलले. मग स्वच्छता. जुने यंत्र स्वच्छ करताना मला जे सुख होते ते लिहून पटायचे नाही. वीज जोडायच्या भोकाजवळ एक वाळका लाल ठिपका होता. शाळेत खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली असणार, तेव्हाचे कुंकू! मी तो नखाने खरवडून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून लख्ख केला. आणखी एक गोष्ट नजरेस आली. खालच्या १६ केच्या आठ चिपा पाटीवर सोल्डर केलेल्या नसून छानपैकी सॉकेटमध्ये बसवलेल्या होत्या. विलायती यंत्रांत मी असे पाहिले नव्हते. संग्राहकाला असले काही दिसले की त्याची विद्वत्ता उफाळून येते. मी माझ्या टिपणवहीत पानभर लिहिले, की भारतातील दमट हवा आणि दुरुस्तीची सोय लक्षात घेऊन येथील कारखान्याने मुद्दाम हा बदल केला असावा. दोन शब्दांखाली रेघही मारली.

माझ्या टेबलावरच्या मोजूनमापून वीज देणाऱ्या पुरवठ्यावर यंत्र सुरू केले. पडदा काळा झाला, पांढरा झाला, आणि तळाशी १९८२ सालची सिंक्लेअरची ती ओळ उमटली. पुढे कॅसेट. रेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, तो बदलला. पावसाळ्यांनी फितीवर बुरशी धरली होती; ती हलक्या हाताने पुसून, फीत दोनदा पुढे-मागे गुंडाळून घेतली. 'जे' हे बटण दाबले की या यंत्रात 'लोड' हा सबंध शब्द उमटतो. मग दोन अवतरणचिन्हे, एंटर, आणि फीत चालू. पडद्याच्या कडेला तांबडे-आकाशी पट्टे आले, मग निळे-पिवळे नाचू लागले, आणि मग: टेप लोडिंग एरर. असे मी अकरा वेळा वाचले. शेवटी रेकॉर्डरच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत, कानाने आवाज जास्तीत जास्त खणखणीत होईल तिथे थांबवला. बाराव्या खेपेला रोमन लिपीत 'पाढे' हे नाव आले, चित्र वरून खाली उतरू लागले आणि ती तीन ओळींची 'चू' मला भेटली. त्याच रात्री मी तो आवाज लॅपटॉपवर उतरवून ठेवला. या धंद्यातला एवढा एकच नियम मी कधी मोडत नाही: आधी फितीची नक्कल, मग उत्सव.

उत्सव मात्र नडला. जूनचा पाऊस, वीज गेली, परत आली. मला हिला प्रोग्रॅम दाखवायचा होता. टेबलावरची वायर कोणी तरी इस्त्रीसाठी काढलेली. मी अंधारात टेबलाखालून एक अ‍ॅडॅप्टर ओढला, पिन जाडीला अगदी तीच, आणि खुपसला. तो आमच्या इंटरनेटच्या राउटरचा होता, १२ व्होल्टचा. दाब जास्त हा किरकोळ गुन्हा. खरा घात दुसराच. बहुतेक अ‍ॅडॅप्टरांत पिनेचे मध्य धन असते, आणि स्पेक्ट्रमला लागतो नऊ व्होल्टचा, ज्याचे मध्य ऋण असते. ही गोष्ट मी कित्येक नवशिक्यांना चढ्या आवाजात शिकवलेली आहे.

जळक्या बेकलाइटसारखा वास आला. पडद्यावर उभ्या पट्ट्या. मी बटण बंद केले आणि हिला म्हणालो, "आज फीत नीट वाचत नाहीये." संसारात मी बऱ्याच थापा मारल्या असतील, पण इतकी सफाईदार ही पहिलीच.

दुसऱ्या दिवशी मोजले. एक ट्रान्झिस्टर गेला होता. त्याच्यामुळे उणे पाच व्होल्टचा पुरवठा बंद, आणि या जुन्या ४११६ चिपांना उणे पाच, अधिक पाच आणि अधिक बारा असे तिन्ही दाब एकदम न मिळाले तर त्या फार वेळ जगत नाहीत. आठांतल्या पाच मेल्या होत्या. फेरांतीने बनवलेली मधली मोठी चिप, जिच्यावर सगळा स्पेक्ट्रम उभा असतो, ती वाचली. ती गेली असती तर माझी झोप कायमची गेली असती. आता करायचे काय? जुन्या चिपा शोधून मिळतात, पण त्याही चाळिशी उलटलेल्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. एका पोरसवदा दुकानदाराने माझ्याकडे, आजोबांची कवळी दुरुस्त करून मागावी तसे पाहिले. अखेर मी ओवळा मार्ग धरला. आठही चिपा उपटून तिथे नव्या पद्धतीच्या स्मृतीचे एक लहान कार्ड बसवले. त्याला अधिक पाच व्होल्ट पुरतात. सॉकेट असल्यामुळे १२८ पाय सोल्डरमधून सोडवण्याचे काम वाचले आणि त्या दूरदर्शी कारखान्याला मी पुन्हा एकदा मनोमन धन्यवाद दिले. ट्रान्झिस्टर बदलला. यंत्र पहिल्यापेक्षा झकास चालू लागले.

आणि तिथेच माझे सुख संपले. यंत्र चालते आहे, प्रोग्रॅम चालतो आहे, झाकण लावले तर ब्रह्मदेवालाही कळणार नाही. बाई तर झाकण उघडणारच नाहीत. पण ते यंत्र माझे असते तर गोष्ट वेगळी. ते विश्वासाने ठेवलेले होते. काढलेल्या आठ चिपा मी कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात घालून खणात ठेवल्या, आणि खण उघडला की तो करंडा माझ्याकडे बघे. पंधरा दिवस मी बाईंचा फोन आला की अंगणात जात होतो.

गुरुपौर्णिमेला हिने बाईंना जेवायला बोलावले. जेवण झाले, मी यंत्र मांडले. आधी थोडा शहाणपणा केला. म्हणालो, "बाई, कॅसेटची कटकटच नको. मेमरी-कार्डावर घालून देतो, क्षणात सुरू होईल."

बाईंनी चष्मा वर केला. "आणि तेवढ्या वेळात पोरींनी करायचं काय?"

मला कळेना. ही हसू लागली. तिने सांगितले, की सुरवातीचे चित्र फितीवरून उतरायला सुमारे ४० सेकंद लागत, पुढचा प्रोग्रॅम यायला आणखी तेवढाच वेळ. आणि फीत सुरू झाली की बाई टेबलावर छडी आपटून सगळ्या वर्गाकडून १९चा पाढा म्हणवून घेत. पडदा पुरा होण्याआधी पाढा संपला पाहिजे. न संपला तर फीत परत पहिल्यापासून. चाळीस मुली, एक यंत्र. त्यावर प्रत्यक्ष बसायची पाळी महिन्यातून एकदा यायची, पण पाढा मात्र सगळ्यांचा पाठ झाला.

फीत लावली. निळे-पिवळे पट्टे नाचू लागले आणि आमची ही, वय वर्षे ५१, टेबलाच्या कडेला उभी राहून "एकोणीस एके एकोणीस" म्हणू लागली. मी तो करंडा मुठीत धरून उभा होतो. 'एकोणीस नव्वे'ला माझा धीर सुटला. करंडा बाईंच्या पुढे ठेवून मी सगळे सांगून टाकले: राउटर, उलटी पिन, पाच मेलेल्या चिपा, इस्त्रीची थाप. "मूळच्या चिपा होत्या हो बाई," मी म्हणालो, "पहिल्यापासूनच्या. त्या मी घालवल्या."

हिचा पाढा थांबला होता. बाईंनी करंड्यातली एक चिप उचलून उजेडात धरली आणि खाली ठेवली.

"मूळच्या कुठल्या? मूळच्या मीच जाळल्या, ८९ साली. टेपरेकॉर्डरचा अ‍ॅडॅप्टर लावला होता. वार्षिक तपासणी चार दिवसांवर. हेडबाईंना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून यंत्र कुलपात गेलं असतं. बुधवारात एक रेडिओ दुरुस्त करणारे होते, त्यांच्याकडून आठ नव्या बसवून घेतल्या. माझ्या पगारातून. ते म्हणाले, बाई, परत जळतील तर उपटायला सोपं पडावं म्हणून खाली पाळणे बसवून देतो."

पाळणे! माझ्या टिपणवहीतला तो दूरदर्शी कारखाना माझ्या डोळ्यांदेखत कोसळला.

"म्हणून तर," बाई यंत्र फिरवून वीज जोडायच्या भोकाजवळ बोट नेत म्हणाल्या, "मी इथे लाल खूण केली होती. अ‍ॅडॅप्टरच्या पिनेवर एक आणि इथे एक. लाल लालला. पोरींनाही कळायचं." त्यांनी बोट दोनदा फिरवले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "अगं, इथली खूण कुठे गेली?"

मी अर्थातच गप्प राहिलो नाही. तो दिवसच कबुलीचा होता. पण चिपांचे ऐकून जी हसली होती ती आमची ही, कुंकवाचे ऐकल्यावर हसली नाही. आत जाऊन नेलपॉलिशची लाल बाटली घेऊन आली आणि माझ्याकडे न देता बाईंच्या हातात दिली.

बाईंचा हात आता थरथरतो. ठिपका थोडा फराटला. पुसू का म्हणून मी विचारणार होतो, विचारले नाही.

संध्याकाळी यंत्र रिक्षातून घरी गेले. कॅसेटसकट, रेकॉर्डरसकट, आणि लाल पिनेचा नवा अ‍ॅडॅप्टर सुतळीने यंत्रालाच बांधून. नवे स्मृतीचे कार्ड बाईंना चालले. त्या म्हणाल्या, "तुम्हीही पाळण्यातच बसवलंय ना? मग झालं." जळक्या चिपांचा करंडा माझ्याकडेच आहे. टिपणवहीतले ते पान मी फाडणार होतो, पण राहू दिले आहे. कारखान्याबद्दलचा मजकूर खोडून समासात फक्त 'बाई, १९८९' एवढे लिहिले आहे, आणि घड्याळवाल्या स्नेह्यांना पत्र टाकून गेल्या वर्षीच्या लेखाबद्दल क्षमा मागितली आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.